वेबलेट: भाषांतराच्या टीममध्ये नव्यानं येणाऱ्याला कितपत कामाचं?

सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरापोरींना ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, हात घालायचा असतो, पण कोडची धास्ती वाटते. त्यांना हमखास त्या सॉफ्टवेअरमधल्या वाक्यांच्या मराठी भाषांतराकडे पाठवलं जातं, आणि बहुतेक वेळा गाठ पडते ती हे भाषांतर जिथं करतात त्या वेबलेटशी. २०१२ पासून चालू असलेलं हे सॉफ्टवेअर स्वतःही ओपन सोर्स आहे. ब्राउझरमध्ये चालतं, गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीची) एकही कमांड लागत नाही, भाषांतर करणाऱ्याला पैसे पडत नाहीत. टीमचे यांत्रिक नियम ते फार छान शिकवतं. भाषेचे नियम शिकवत नाही, आणि इशारा आला नाही म्हणजे काम झालं असं समजून नवखा तिथंच अडकतो.

यांत्रिक म्हणजे काय, तर वाक्यातलं टक्क्याचं चिन्ह आणि एस अक्षर (%s), जिथं प्रोग्राम पुढे नाव भरतो. ते गाळलं की लगेच इशारा येतो. मात्र प्रोजेक्टनं सक्ती केली नसेल तर चुकीचं वाक्यही जतन होतं, म्हणून कंट्रोल-एंटर दाबून पुढं पळू नका. सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये असं एक चिन्ह जास्तीचं पडलं तर तो चालता चालता कोसळू शकतो. अनेकवचनाला दोन चौकटी येतात: पहिली एकासाठी, दुसरी शून्यासकट बाकी सगळ्या आकड्यांसाठी. ‘फाइल हटवली’ आणि ‘फाइली हटवल्या’ अशा दोन्ही नीट भरा.

आता खरी गोम. ‘अमुक ठिकाणी जा’ अशा वाक्यात नवखा त्या चिन्हापुढं जागा सोडून ‘ला’ लिहितो. वेबलेटला काही खटकत नाही. बार्शी आलं तर ‘बार्शी ला’, हे एक वेळ चालवून घेऊ. पण माढा आलं की ‘माढा ला’, करमाळा आलं की ‘करमाळा ला’. माढ्याला, करमाळ्याला हे सामान्यरूप प्रोग्राम कुठून आणणार? वाक्यच फिरवायचं: ‘जाण्याचं ठिकाण:’ आणि पुढं चिन्ह. लिंगाचंही तेच. ‘हटवला, हटवली, हटवलं’ यात अडकण्यापेक्षा ‘हटवण्याचं काम पूर्ण’ बरं. तपासणारा नवख्याच्या बहुतेक सूचना, म्हणजे त्यानं सुचवलेली भाषांतरं, याच कारणानं परत पाठवतो, आणि नवख्याला वाटतं आपल्यावर खुन्नस आहे.

इथं सोलापूरकरांना एक फायदा आहे, तो कुणी वापरताना दिसत नाही. प्रोफाइलमध्ये दुय्यम भाषा निवडता येतात. घरी तेलुगू किंवा कन्नड असेल तर ती लावा. त्या भाषेतलं भाषांतर झालेलं असेल तर मूळ इंग्रजीशेजारी दिसतं. त्या भाषांतही प्रत्यय नावालाच चिकटतात, त्यामुळे त्यांनी वाक्य कसं फिरवलंय ते आयतं बघायला मिळतं.

शब्दसंग्रह, म्हणजे टीमनं ठरवलेल्या शब्दांची यादी, बाजूला दिसतो, पण तो पाळलाय का हे वेबलेट आपणहून तपासत नाही; प्रोजेक्टनं ती तपासणी चालू करावी लागते. टीमनं ‘जतन करा’ ठरवलं असेल तर ‘साठवा’ कितीही गोड वाटलं तरी आधी कॉमेंटमध्ये विचारा. इंग्रजी वाक्यच चुकलं असेल तर मूळ वाक्याविषयीची कॉमेंट निवडा, नाहीतर ती मराठी टीमपाशीच पडून राहते. मोबाइलवर शब्दसंग्रह खाली ढकलला जातो आणि नजरेआड होतो, लॅपटॉपच बरा.

पहिलं वाक्य जतन करण्याआधी प्रोफाइलमधला कमिटचा, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवतानाचा, ईमेल बघून घ्या. नाव आणि तो पत्ता गिटच्या इतिहासात जातो, मागाहून पुसणं जवळजवळ अशक्य. आपलं काम लगेच दिसलं नाही म्हणून घाबरू नका: कमिट व्हायला एरवी २४ तासही लागतात, आणि ॲपमध्ये ते पुढच्या आवृत्तीतच येतं.

मशीननं सुचवलेली भाषांतरं शेकड्यानं चिकटवणं हा नवख्यांचा सगळ्यात वाईट उद्योग. चिकटवायला क्षण पुरतो, पण तपासणारा बिचारा फुकटात, रात्री जागून एकेक वाक्य उघडतो. वीज जाते म्हणून आधीच फाइल उतरवून ऑफलाइन काम करणाऱ्यांनीही जपावं. परत चढवताना ‘सूचना म्हणून’ हाच पर्याय घ्यावा. आधीचं पुसून टाकणारा पर्याय निवडला तर मधल्या काळात दुसऱ्यानं केलेलं काम तुमच्या जुन्या फाइलखाली गाडलं जातं.