चेनचे पॅनियर की गुंडाळत्या तोंडाचे?

सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, म्हणजे पॅनियर, घ्यायचे ठरले की बहुतेकांची निवड शेवटी दोन प्रकारांवर येऊन थांबते. एक प्रकार जाड नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या शिवलेल्या पिशव्यांचा; त्यांना चेन असते, दोन-तीन कप्पे असतात आणि सोबत रेन कव्हर मिळते. दुसरा ताडपत्रीसारख्या कापडाचा. त्यात शिलाई नसते, सांधे उष्णतेने जोडलेले असतात आणि तोंड गुंडाळून बकलने बंद करायचे असते. पहिल्या प्रकारची जोडी मी चार वर्षे वापरली आणि गेली तीन वर्षे दुसऱ्या प्रकारची वापरतो आहे. पुण्यात आठवड्याची भाजी आणि किराणा, तसेच हिवाळ्यात कोकणातली आठ-दहा दिवसांची सफर, ही दोन्ही कामे एकाच जोडीने व्हावीत अशी माझी गरज आहे. ज्यांना यांपैकी एकच काम आहे, त्यांचा निर्णय कदाचित वेगळा होईल.

शिवलेल्या पिशव्यांबद्दल मला आजही आपुलकी आहे. बाहेरच्या कप्प्यात पंप, ट्यूब आणि ॲलन की, आतल्या चपट्या कप्प्यात कागदपत्रे आणि औषधे, मोठ्या पोटात कपडे, अशी जागच्या जागी मांडणी झाली की पंक्चर काढताना सगळा संसार रस्त्याकडेला मांडावा लागत नाही. दुरुस्तीही सोपी असते. दापोलीच्या बाजारात एका बॅग दुरुस्त करणाऱ्याने माझ्या पिशवीच्या चेनचा रनर दहा मिनिटांत बदलून दिला होता आणि उसवलेल्या पट्ट्यावर दुहेरी टीपही मारून दिली होती. मात्र तो रनर बदलावा लागला तो समुद्रकिनाऱ्याच्या बारीक वाळूमुळे. वाळू आणि खारी हवा चेनच्या दातांत बसली की ती आधी अडखळते आणि मग मधूनच उघडते. म्हणून किनाऱ्याने जाणाऱ्याने रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने चेन झाडून घ्यावी, असे मी सुचवीन.

माझा निर्णय मात्र कप्प्यांवरून किंवा चेनवरून झाला नाही. तो झाला रेन कव्हरवरून. सफर आपण पावसाळा टाळून करू शकतो, भाजी आणणे टाळू शकत नाही. जुलैतल्या संततधार पावसात मंडईत गेलो की पहिल्या गाळ्यावर बटाटे घेताना कव्हर काढायचे, चेन उघडायची, बटाटे आत टाकायचे, चेन लावायची आणि कव्हर पुन्हा चारी कोपऱ्यांवर ओढून बसवायचे. पुढच्या गाळ्यावर कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी पुन्हा तेच. ओल्या बोटांनी कव्हरचा इलास्टिक खालच्या कोपऱ्यावरून सरकवायला जावे, तर वरचा कोपरा निसटतो आणि कव्हरवर साचलेले पाणी उघड्या पिशवीतच पडते. शिवाय कव्हर पिशवीची बाहेरची बाजू झाकते. चाकाकडची बाजू हुकांसाठी उघडी राहते आणि मडगार्ड आखूड असेल तर चाकाने उडवलेले चिखलाचे पाणी नेमके तिथे बसते. ते शिलाईच्या भोकांतून झिरपते, खाली उतरते आणि कव्हरच्या तळाशी वाटीसारखे साठून राहते. एकदा घरी येऊन पिशवी उपसली तेव्हा तळाशी ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या पुड्याचा अर्धा भाग लगदा झालेला होता, आणि वरचा टोमॅटो मात्र कोरडा होता. त्या संध्याकाळी मी दुसरी जोडी शोधायला लागलो.

जुन्या पिशव्यांच्या आतल्या बाजूचा पाणीरोधक थरही तिसऱ्या वर्षापासून चिकट होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. पॉलियुरेथेनचा असा थर दमट उष्ण हवेत हळूहळू विघटित होतो; माळ्यावर बंद ठेवलेल्या पिशव्यांचेही हेच होते, त्यामुळे कमी वापर म्हणजे जास्त आयुष्य असे इथे समजू नये.

गुंडाळत्या तोंडाच्या पिशव्यांचा विषय निघाला की जर्मनीतल्या ऑर्टलिबचे नाव येतेच. ती कंपनी १९८२ पासून अशा पिशव्या बनवते आहे आणि इतर अनेकांनी पुढे हीच घडण उचलली आहे. माझ्या जोडीला मी मंडईत दोन गाळ्यांच्या मध्ये पूर्ण बंदही करत नाही. तोंडाचा एक वेढा नुसता दुमडून ठेवला तरी पुढच्या गाळ्यापर्यंत पाऊस आत जात नाही. घरी निघताना तीन वेढे घालून बकल लावले की काम झाले. वरची मूठ उचलली की हुक आपोआप सुटतात, त्यामुळे दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना पिशव्या उतरवणे किंवा किराणा थेट ओट्यापर्यंत नेणे सहज होते.

यांच्या उणिवा मला रोज दिसतात. आत एकच पोकळी असल्याने सगळे एकावर एक पडते. मी त्यासाठी लहान कापडी पिशव्या ठेवतो, तरी हवी ती वस्तू नेहमी तळाशीच सापडते. पाणी आत जात नाही तशी वाफही बाहेर पडत नाही, म्हणून पालेभाजी घरी पोचताच काढावी लागते आणि ओले कपडे रात्रभर राहिले तर कुबट वास धरतात. कॅरिअरच्या बोल्टने एका पिशवीला पडलेले भोक मी ठिगळ चिकटवून बुजवले आणि ते दोन पावसाळे टिकून आहे, पण तुटलेल्या हुकाला गावातला कारागीर काही करू शकेल असे वाटत नाही. किंमत तर मला कापडी जोडीच्या चौपट पडली. ज्यांची सायकल पावसाळ्यात जिन्याखालीच राहते, त्यांनी एवढे पैसे घालावेत असे मी आग्रहाने म्हणणार नाही. पण पावसातही बाजारहाट सायकलनेच करणाऱ्याने, शक्य असेल तर, कव्हरच्या भानगडीत पडू नये असे मला वाटते.

घेण्यापूर्वी एक गोष्ट जरूर तपासावी. असे हुक साधारण १६ मिलिमीटरपर्यंतच्या गोल नळीवर बसतात आणि बारीक नळीसाठी त्यांत प्लॅस्टिकचे तुकडे घालून ते घट्ट करावे लागतात. आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या कॅरिअरला पुष्कळदा चपट्या पट्ट्या असतात. त्यावर हुक नीट धरत नाही आणि गतिरोधकावरून जाताना पिशवी उसळते. दुकानात जाताना सायकल सोबत न्यावी, पिशवीत दोन-तीन किलो वजन घालून ती अडकवावी आणि पेडल उलटे फिरवून टाच पिशवीला लागते का ते पाहावे. माझी टाच लागत होती, म्हणून मला हुक सरकवून पिशवी चार बोटे मागे घ्यावी लागली.