15 वॅटचा व्हॉल्व्ह अँप घरात: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिटारचा अँप म्हटलं की सगळे आधी वॅट विचारतात. माझा 15 वॅटचा आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), 12 इंची एकच स्पीकर. आकडा ऐकून तो नवशिक्यांचा वाटतो, पण बंद खोलीत व्हॉल्यूम 3 वर नेला की खिडकीच्या काचा थरथरतात.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणजे याच्या निम्म्या आवाजाचा अँप हवा असेल तर दीड वॅटचा शोधावा लागेल! मागच्या बाजूला हाफ पॉवरचं बटण आहे खरं, पण ते दाबून शेजारी खूश होतील या भ्रमात राहू नका. फरक पडतो तो तेवढ्याच 3 डेसिबलचा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो, हे मात्र कुणी बघत नाही. 97 डेसिबलच्या जागी 100 चा स्पीकर बसवला तर वॅट दुप्पट केल्यासारखंच होतं.

घरी वाजवणाऱ्यानं बघायची खरी गोष्ट म्हणजे मास्टर व्हॉल्यूमचा (एकूण आवाजाचा) नॉब सुरुवातीला कसा वागतो. माझ्याकडचा 1 पर्यंत ढिम्म असतो आणि 1 ते दीडच्या मध्ये एकदम उसळतो. रात्री त्या केसभर जागेत नॉब बोटानं ढकलत बसावं लागतं. इफेक्ट्स लूपमध्ये (अँपचा पहिला टप्पा प्रीअँप आणि शेवटचा पॉवरचा टप्पा यांच्या मध्ये पेडल जोडायची जागा) साधं व्हॉल्यूम पेडल लावल्यापासून हा ताप गेला. मास्टर थोडा वर ठेवून आवाज पेडलवर आवरता येतो. लूप नसलेल्या अँपवर ही सोय नाही. दुकानात सगळे मोठ्यानं वाजवून बघतात, म्हणून हे तिथं कळतच नाही. तुम्ही गप्पांच्या आवाजात थोडा वेळ वाजवून बघा. तेवढ्यात अँप मेंगळट वाटला तर घरासाठी तो घेऊ नका.

टोनबद्दल तक्रार नाही. गेन (प्रीअँपमधला सिग्नल वाढवणारा नॉब) चढवला की प्रीअँपचे व्हॉल्व्ह हळू आवाजातही छान फाटतात, म्हणजे डिस्टॉर्शन देतात. पॉवर व्हॉल्व्ह आणि स्पीकर मिळून जो भरदारपणा देतात तो मात्र मोठ्या आवाजातच येतो, त्याला पर्याय नाही. बास, मिडल, ट्रेबल हे नॉब एकमेकांत गुंतलेले आहेत, एक फिरवला की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या सर्किटमध्ये तर तिन्ही शून्यावर नेले की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. त्यामुळे सगळे नॉब मधोमध ठेवले म्हणजे टोन 'सपाट' झाला, असं समजू नका. घरी हळू आवाजात लावलेली सेटिंगही बँडमध्ये चालत नाही. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो म्हणून आपण तो वाढवतो, आणि तालमीत तोच सगळं गढूळ करतो.

अँप जमिनीवर होता तोवर ट्रेबल मला कमीच वाटायचा. 12 इंची स्पीकर वरचे सूर सरळ समोर फेकतो, ते पोटऱ्यांना ऐकू जात होते. स्टुलावर मागे कलता ठेवल्यावर ट्रेबल बराच खाली आणावा लागला.

मध्ये एकदा जाड तारेवर ठरावीक सूर वाजला की काचेसारखी किणकिण यायची. अँप चालू ठेवून पेन्सिलच्या टोकानं प्रीअँपचे व्हॉल्व्ह एकेक करून हलकेच ठोकले, तर पहिलाच स्पीकरमधून टणटणला. तो 12एएक्स7 बदलला, किणकिण थांबली. पॉवरचे दोन ईएल84 अजून मूळचेच आहेत. एक पथ्य कडक पाळा: स्पीकरची वायर काढून व्हॉल्व्ह अँप कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

रात्री हेडफोनवरच वाजवणार असाल तर मॉडेलिंग अँप (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घ्या, त्यात कमीपणा नाही. पेडल बरीच असतील आणि स्वच्छ आवाजच हवा असेल तर 1975 पासून चालत आलेल्या रोलंड जेसी-120 सारखा ट्रान्झिस्टरचा अँप जास्त कामाचा. ड्रमसोबत माझे 15 वॅट फाटक्या आवाजाला पुरतात, स्वच्छ आवाजाला कमी पडतात. तिथं व्हॉक्स एसी-30 सारखं, चार ईएल84 वालं काही बघा, आणि ते जिन्यावरून कोण उचलणार हेही आधीच ठरवा.