व्हॉल: उतरायला उत्तम, बर्फ म्हणून उणा

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या अवकाशउड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये जूल हा हिरवा महाकाय ग्रह 2012 मध्ये दाखल झाला आणि त्याच्याबरोबर व्हॉल हा निळसर पांढरा बर्फाळ चंद्रही आला. जूलच्याच लेद या शेजारच्या चंद्रावर हवा आणि समुद्र आहेत, तर टायलो या चंद्रावर उतरणे ही या खेळातील सर्वांत अवघड परीक्षांपैकी एक समजली जाते. या दोघांच्या मध्ये सापडलेल्या व्हॉलकडे खेळाडूंचे दुर्लक्ष होते, आणि यान उतरवण्याची जागा म्हणून पाहिले तर हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे.

जूलजवळ पोहोचल्यावर त्याच्या वातावरणात वेग कमी करण्याचा मोह धरला, तर यान बहुधा जळून जाते. त्यापेक्षा टायलोच्या पुढच्या बाजूने यान नेले, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानेच वेग इतका घटतो की फारसे इंधन न जाळता जूलभोवतीची कक्षा मिळते. पुढचे गणित सोपे आहे. व्हॉलची त्रिज्या 300 किलोमीटर आणि पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 0.235 पट असल्यामुळे खालच्या कक्षेतून उतरण्यासाठी साधारण 900 मीटर प्रतिसेकंद इतका डेल्टा-व्ही, म्हणजे इंजिनाने करायचा वेगातील एकूण बदल, पुरतो. टायलोवर हाच खर्च अडीच पटींच्या आसपास जातो.

वातावरण नसल्यामुळे पॅराशूटचा उपयोग शून्य, त्यामुळे सगळी भिस्त इंजिनावर असते. पठारे प्रमाण पातळीपेक्षा कित्येक किलोमीटर उंच असल्याने समुद्रसपाटीवरून मोजणाऱ्या उंचीमापकावर विसंबून राहणारा हमखास आपटतो. त्यातच जमिनीचा रंग इतका एकसारखा आहे की चढउतार डोळ्यांना लवकर कळत नाहीत, आणि यानाची सावली बर्फावर दिसून वेगाने जवळ येऊ लागते तेव्हाच उरलेल्या अंतराचा खरा अंदाज येतो. हे शेवटचे काही क्षण मला या खेळातील उत्तम क्षणांपैकी वाटतात.

माझी तक्रार बर्फाबद्दल आहे. कोणताही विस्तारसंच न जोडलेल्या मूळ खेळात तो केवळ एक रंग आहे. इंजिनाच्या झोताने तो वितळत नाही, त्याच्याखाली समुद्र नाही, आणि ड्रिल लावून खणले तर पाण्याऐवजी इतर कोणत्याही खडकाळ चंद्रावर मिळते तेच सर्वसाधारण 'ओअर', म्हणजे कच्चे खनिज, हाती येते. खेळाने सगळे गोल लहान ठेवून गुरुत्वाकर्षण मात्र भरपूर दिल्यामुळे व्हॉलची सरासरी घनता ऑस्मियम या अतिशय घन धातूपेक्षाही जास्त भरते. गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राची घनता पाण्याच्या तिप्पट आहे, हे लक्षात घेता या बर्फाला बर्फ म्हणायला धाडस लागते. खेळण्याच्या सोयीसाठी घनतेतील ही तडजोड मला मान्य आहे. पाण्याच्या बाबतीतली कंजुषी मात्र खटकते, कारण बर्फापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळवणे हेच अशा चंद्रावर तळ उभारण्याचे खरे आकर्षण ठरले असते.

लेद, व्हॉल आणि टायलो यांचे परिभ्रमणकाळ 1:2:4 या प्रमाणात आहेत, म्हणजे गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांप्रमाणेच. प्रत्यक्षात हा ताल चंद्रांच्या परस्पर ओढीने टिकतो आणि युरोपाच्या अंतर्भागाला ऊब देतो. इथे चंद्र आखून दिलेल्या कक्षांतून फिरतात आणि यानावरही एका वेळी एकाच गोलाची ओढ धरली जाते, त्यामुळे हे प्रमाण केवळ शोभेपुरते उरते. तरीही ते साधले आहे, हे पाहून खगोलशास्त्राची आवड असलेल्याला बरे वाटते.

पृष्ठभागावर दगडी वर्तुळासारखी एक रचना दडवलेली आहे. ती शोधण्यात वेळ जातो, पण वैराण पठारांवर भटकायला निमित्त हवेच. मात्र जूलपाशी सूर्यप्रकाश कर्बिनच्या, म्हणजे खेळातील पृथ्वीसारख्या मूळ ग्रहाच्या, तुलनेत सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो आणि व्हॉलची रात्र चौदा तासांहून मोठी असते, म्हणून भटकंतीच्या गाडीवर सौर पटलांऐवजी किरणोत्सर्गी उष्णतेवर चालणारा जनित्रच बसवावा.