बंदरावरच्या मशीनसाठी जीलिबसी की मसल? बायनरी कंपॅटिबिलिटीच्या अंगाने तुलना

समजा मिरकरवाडा, हर्णै, देवगड, वेंगुर्ला अशा चार-पाच बंदरांवर सोसायटीच्या ऑफिसात एकेक लहान लिनक्स मशीन बसवायचं आहे. त्यावर डिझेल, बर्फ आणि मासळीच्या वजनाची नोंद ठेवणारा सी किंवा रस्टमधला तुमचा प्रोग्राम सात-आठ वर्षं चालला पाहिजे. अशा कामात बहुतेकांची चर्चा डेटाबेसपासून सुरू होते. माझं मत असं की त्याआधी सी लायब्ररी ठरवावी, म्हणजे फाइल, मेमरी, वेळ अशा मूलभूत कामांसाठी जवळपास प्रत्येक प्रोग्राम जिच्यावर टेकतो ती लायब्ररी. ती निवड नंतर बदलायची झाली तर प्रत्येक बंदरावर जाऊन सगळं नव्याने बसवावं लागतं.

पर्याय मुख्यतः दोन. डेबियनसारख्या लिनक्सची स्टेबल आवृत्ती घेऊन तिच्या जीलिबसीवर (बहुतेक लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) डायनॅमिक लिंक करायचं, म्हणजे लायब्ररी मशीनवर वेगळी राहते आणि प्रोग्राम सुरू होताना जोडली जाते; किंवा मसल ही लहान सी लायब्ररी वापरून सगळं एकाच स्टॅटिक फाइलमध्ये बांधून टाकायचं. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या एकत्र बांधलेली इमेज) हा तिसरा पर्याय आहे, पण आतमध्ये यांपैकीच एक लायब्ररी बसलेली असते, आणि भर पावसात मोबाइल नेटवर्कवरून शेकडो एमबींची इमेज ओढण्याची पाळी कुणावर येऊ नये.

जीलिबसीची हमी कुठवर?

जीलिबसीची मुख्य फाइल 'लिबसी डॉट एसओ डॉट सिक्स' या नावाने १९९७ पासून आहे. इतकी वर्षं नाव न बदलता आतलं बदलत राहता आलं ते सिंबॉल व्हर्जनिंगमुळे, म्हणजे प्रत्येक फंक्शनच्या नावावर आवृत्तीचा शिक्का मारण्याच्या पद्धतीमुळे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मेमसीपीवाय हे मेमरीतली माहिती एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारं फंक्शन. २०१० च्या सुमारास ते वेगवान करताना बाइट कॉपी करण्याचा क्रम बदलला. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी हे फंक्शन वापरू नये असा नियम होता, पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या ॲडोबी फ्लॅशने तो पाळला नव्हता, आणि फेडोरा १४ या लिनक्सवर त्याचा आवाज बिघडला. २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला: ६४ बिट इंटेल मशीनवर एकाच नावाची दोन फंक्शन्स, एकावर २.२.५ चा शिक्का आणि दुसऱ्यावर २.१४ चा. जुन्या बायनरीला (बिल्ड होऊन तयार असलेल्या प्रोग्रामला) जुन्या शिक्क्याचं सुरक्षित फंक्शन मिळतं, नव्याने बिल्ड केलेल्याला नवं. चूक प्रोग्रामची असूनही लायब्ररीने तो चालू ठेवला. ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

मात्र ही हमी एकाच दिशेने आहे. जुनी बायनरी नव्या जीलिबसीवर चालते, नवी बायनरी जुन्यावर चालेलच असं नाही. २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. त्यामुळे उबंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर बिल्ड केलेला साधा दोन ओळींचा प्रोग्रामही डेबियन ११ वर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' म्हणून उघडायलाच नकार देतो, कारण तिथे २.३१ आहे. उपाय सोपा आहे. तुमच्या बंदरांवरच्या मशीनांपैकी सर्वांत जुनी आवृत्ती जी असेल, तिच्यावरच बिल्ड करा. बायनरी पाठवण्याआधी ऑब्जडम्प कमांड मोठ्या टी ऑप्शनने चालवा आणि यादीत सगळ्यात नव्या आवृत्तीचा शिक्का कोणता आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, देवगडची फेरी वाचते.

स्टेबल आवृत्तीचा खरा फायदा सुरक्षेच्या पॅचमध्ये दिसतो. डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे आणि शेवटपर्यंत २.३६ च राहील. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'लूनी ट्यूनेबल्स' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा नवी आवृत्ती न आणता तेवढी दुरुस्ती मागे आणून २.३६ मध्येच घातली गेली. तुमच्या प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. अपडेटनंतर चालू असलेल्या सर्व्हिस रीस्टार्ट करायला मात्र विसरू नका, नाहीतर जुनी लायब्ररी मेमरीत तशीच बसून राहते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. एबीआय (बायनरी आणि लायब्ररी ज्या नावांनी आणि आकारांनी एकमेकींशी जुळतात तो करार) न बिघडताही वागणूक बदलू शकते. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. एकही सिंबॉल तुटला नाही, सगळे प्रोग्राम सुरू झाले. पण पोस्टग्रेस या डेटाबेसने आधीच्या क्रमाने डिस्कवर लिहून ठेवलेले टेक्स्ट इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार याद्या) नव्या क्रमाशी जुळेनात. नाव टेबलमध्ये आहे पण शोधल्यावर सापडत नाही, एकच नोंद दोनदा घुसते, असे प्रकार. डेबियन ९ वरून १० वर जाताना रीइंडेक्स करणं भाग होतं. बोटमालकांच्या नावांची यादी हाच तुमच्या डेटाचा कणा असेल, तर क्रम लावायचं काम आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या वेगळ्या लायब्ररीकडे द्या. पोस्टग्रेस त्याची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि ती बदलली की इशारा देतं.

मसल कधी?

मसलमध्ये सिंबॉल व्हर्जनिंग नाही, आणि स्टॅटिक बायनरीला त्याची गरजही नाही. ती फक्त कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर अवलंबून असते. यूजरस्पेस, म्हणजे कर्नलच्या वर चालणारे प्रोग्राम, मोडायचं नाही हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम सगळ्या लायब्रऱ्यांच्या हमीपेक्षा कडक आहे. एक फाइल पेन ड्राइव्हवर न्या, ठेवा, चालवा.

उणिवा दोन. मसलमधली तुलना अक्षरांच्या कोडनुसार होते, म्हणजे 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेप्रमाणे तो 'ह' नंतर हवा, त्यामुळे काळसेकर आणि कावले उलटसुलट लागतात. आणि २०२३ च्या १.२.४ आधी मसल डीएनएसच्या (नावावरून नेटवरचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) मोठ्या उत्तरांसाठी टीसीपी वापरत नसे, तेव्हा जुनी आवृत्ती घेऊ नका.

खरी अडचण वेगळी आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं की डेबियनवाल्याकडे दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून येते, नेट येईल त्या दिवशी. स्टॅटिकवाल्याने बातमी स्वतः वाचायची, पुन्हा बिल्ड करायचं आणि प्रत्येक बंदरावर पोचवायचं. मोठ्या फेरफाराला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी सोयीची, बोटी किनाऱ्यावर आणि ऑफिस रिकामं. पण तेव्हाच वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे, आणि सुरक्षेची दुरुस्ती तोवर थांबत नाही.

जीलिबसीच्या बाजूलाही इथे एक खड्डा आहे. जीलिबसी जुन्याला सांभाळते म्हणून बाकीच्या लायब्रऱ्या सांभाळतील असं नाही. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. डेबियन १२ मध्ये फक्त ओपनएसएसएल ३ ची लायब्ररी आहे, डेबियन ११ वर ओपनएसएसएलशी जोडून बांधलेला प्रोग्राम त्यावर सुरूच होणार नाही.

म्हणून माझा कौल असा. मशीन नेटवर्कला जोडलेलं असेल, डेटाबेस असेल आणि सांभाळणारे तुम्ही एकटे असाल, तर डेबियन स्टेबल आणि जीलिबसी. आंब्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये फक्त तापमान वाचून कार्डवर लिहिणारं, नेट नसलेलं उपकरण असेल, तर मसल.

तुमचीच लायब्ररी इतरांना देत असाल तर

वजनकाट्याशी बोलणारा भाग वेगळी एसओ फाइल (डायनॅमिक लायब्ररी) करून दुसऱ्यांना देणार असाल, तर स्ट्रक्ट (एका नोंदीचे रकाने मेमरीत एकत्र ठेवणारा साचा) उघडा ठेवू नका. आज त्यात बोटीचा नंबर, वजन आणि वेळ आहे. पुढच्या वर्षी शेवटी 'बर्फाचे क्रेट' हा रकाना जोडलात, तर जुन्या प्रोग्रामने राखलेली जागा तेवढीच राहते आणि तुमची लायब्ररी तिच्या पलीकडे लिहिते. क्रॅश झाला तर नशीब, नाहीतर शेजारचा आकडा गुपचूप बदलतो आणि कुणाच्या तरी हिशेबात तूट येते. बाहेर फक्त पॉइंटर द्या, आकार आत ठेवा. ओपनएसएसएलने २०१६ च्या १.१.० मध्ये हेच केलं. प्रत्येक रिलीजआधी एबीआयडिफ (दोन आवृत्त्यांचा एबीआय ताडून पाहणारी कमांड) चालवा, आणि मोडणं टळतच नसेल तर सोनेममधला (लायब्ररीच्या नोंदवलेल्या नावातला) आकडा सरळ वाढवा.

३२ बिट आर्म मशीनवर हे आणखी महत्त्वाचं आहे. १९ जानेवारी २०३८ ची अडचण (त्या दिवशी ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते) टाळण्यासाठी डेबियनने १३ व्या आवृत्तीत तिथला टाइम_टी हा वेळ ठेवणारा प्रकार ६४ बिट केला, म्हणजे वेळेचा रकाना असलेली तुमची लायब्ररी आणि तिच्यावरचे प्रोग्राम एकाच वेळी पुन्हा बिल्ड करावे लागतील. मसलने हाच बदल २०२० च्या १.२.० मध्ये केला. नवीन खरेदी असेल तर ६४ बिट मशीनच घ्या.