लिंबाचं कलम झकास, सोबतचा संच मात्र निम्मा बिनकामाचा

लिंबाचं कलम ऑनलाइन मागवलं, त्याबरोबर ‘लागवड संच’ गळ्यात पडला: बांबूची काठी, बांधायच्या पट्ट्या, कोकोपीटची वीट, मुळांसाठी म्हणून बुरशीची पावडर, दाणेदार खत, ठिबकणारी पाण्याची पिशवी आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक. झाडाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. संचाला नाही.

कलमाचा जोड नीट भरून आलेला, मातीपासून वीतभर वर. खालच्या खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्यावर, एकही फुटवा नाही. पानं उलटून पाहिली; खवले कीड नाही, अळीने पोखरल्याच्या नागमोडी रेघा नाहीत. उंची बेताची, बुंधा जाड. लोक उंच, सडपातळ रोपाला भुलतात, मला हे ठेंगणंच आवडलं.

रोपाची पिशवी फाडली तेव्हा मात्र मुळं कडेकडेने गोल फिरलेली दिसली, म्हणजे झाड पिशवीत जरा जास्तच राहिलेलं. एवढ्यावरून मी ते परत पाठवणार नाही, पण पत्रकात त्यावर एक ओळ हवी होती. अशी मुळं तशीच लावली तर जमिनीतही गोलच फिरतात आणि पुढे जाडजूड झाली की बुंध्यालाच आवळतात. बाहेरची जाळी मी धारदार सुरीने उभी चिरली आणि बाकीची मुळं बोटांनी सोडवली. पिशवीत वरून बोटभर जादा मातीही घातलेली होती. ती खरवडून पहिलं जाड मूळ उघडं केलं, कारण किती खोल लावायचं ते त्या मुळावरून ठरतं. ते जमिनीच्या पातळीला यायला हवं.

पत्रकातला खड्डा तीन फूट खोल, अर्धा खताने भरलेला. हे मी साफ धुडकावलं. भुसभुशीत भरावावर ठेवलेलं झाड पाणी पडेल तसं खचत जातं आणि बुंधा मातीत जातो. लिंबूवर्गीय झाडाची साल सतत ओली राहिली की कुजते. म्हणून खड्डा हुंडीइतकाच (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याइतकाच) खोल, रुंदीला दुप्पट-तिप्पट, आणि भरायला खणून काढलेलीच माती. भरपूर खत घातलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. मुळं तिच्याबाहेर पडायला बघत नाहीत.

कोकोपीट कुंडीतल्या रोपांना गेलं. पावडरीचं काय करायचं? अशा बुरशा बागेच्या मातीत बहुधा आधीपासूनच असतात. खत नवी पालवी धरेपर्यंत बाजूला ठेवलं. काठी तर नर्सरीनेच बुंध्याला करकचून बांधून पाठवली होती, ती आधी सोडली. झाड स्वतःच्या बळावर उभं असेल तर आधार देऊ नये; वाऱ्याने थोडं हललं तरच बुंधा बळावतो. वारं फारच असेल तर हुंडीबाहेर दोन काठ्या रोवून सैल बांधावं आणि वर्षभरात काढून टाकावं.

पाण्याची पिशवी मात्र खरंच कामाची. बारीक छिद्रांतून पाणी सावकाश झिरपतं, वाहून जात नाही. नव्या झाडाची सगळी मुळं अजून हुंडीतच असतात. भोवतालची माती ओली असली तरी हुंडी कोरडी पडू शकते, म्हणून बोट खुपसून ओल पाहायची ती हुंडीतच. पत्रकातल्या चित्रात पिशवी बुंध्याला गुंडाळली आहे, तसं करू नका. थोडी लांब ठेवा. गढूळ पाण्याने छिद्रं बुजतात, तेव्हा पाणी गाळून भरा.

संचात खरं तर आच्छादन हवं होतं. मी वाळका पाला तीन-चार इंच पसरला, बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडून.

ग्राहक सेवेला मुळांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, ‘रोज पाणी द्या.’ चिकण मातीत रोज पाणी दिलं तर मुळांना हवाच मिळणार नाही! विचारलं होतं काय आणि सांगितलं काय.

त्यांच्या संकेतस्थळावर नुसतं कलमही मिळतं, फक्त बरंच खाली सरकून शोधावं लागतं. तेच घ्या आणि पाण्याची पिशवी वेगळी मागवा.