केंब्रिजमधली पंट: नावाडी न घेता, मोसमभर वापरून

केंब्रिजला येणारे बहुतेक पाहुणे कॅम नदीत नावाड्यासह पाऊण-एक तासाची फेरी घेतात. पहिल्यांदा तीच घ्यावी; माहिती मिळते आणि निवांत बघताही येतं. पण राहायलाच तिथे असाल, तर वसंतापासून सप्टेंबरपर्यंत पंट भाड्याने घेऊन स्वतः चालवण्यासारखं सुख नाही.

पंट म्हणजे साधारण ७ मीटर लांबीची, सपाट तळाची अरुंद नाव. तिला सुकाणू नसतं. जवळपास ५ मीटरचा पोल नदीच्या तळाला रेटायचा, की नाव पुढे जाते. केंब्रिजची रीत मागच्या फळीवर उभं राहून चालवण्याची; ऑक्सफर्डला त्या फळीचं टोक पुढे ठेवतात आणि आत उभं राहतात. फळी ओली झाली की घसरते, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत. बाह्या आखूड ठेवा, कारण पोल उचलला की पाणी थेट कोपरापर्यंत ओघळतं.

पोल नावेच्या कडेला लागून उभा धरायचा आणि हात सैल करून तळापर्यंत सोडायचा. आपटायचा नाही. तळ लागला की हातावर हात टाकत, पोल शरीराजवळ ठेवून मागे रेटायचं. नवशिके इथवर पटकन शिकतात आणि पुढचं विसरतात: रेटून झाल्यावर पोल लगेच उचलायचा नाही, मागे पाण्यात तरंगू द्यायचा. तोच तुमचा सुकाणू. पोलचं मागचं टोक डावीकडे ढकललं की नावेचं नाक डावीकडे वळतं, उजवीकडे ढकललं की उजवीकडे. नाव काठावर आदळते ती जोर कमी पडल्यामुळे क्वचितच, बहुतेकदा या घाईमुळे.

चिखलात पोल रुतला तर आधी पिळा, मग ओढा. तरी सुटत नसेल तर हात सोडा! नाव पुढे जातच राहते आणि पोलला लटकलेला माणूस पाण्यात पडतो. पोलसाठी परत यायला नावेत छोटं वल्हं असतं. निघण्यापूर्वी ते आहे ना, हे बघून घ्या. बॅक्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या मागच्या पट्ट्यात, तळ बराचसा खडीचा आहे. पूर्वी माल वाहणाऱ्या होड्या ओढणारे घोडे इथे काठावरून नव्हे, पात्रातूनच चालत. त्यांच्यासाठी पाण्याखाली खडीची वाट केलेली होती. वरच्या अंगाला, ग्रँचेस्टर गावाच्या बाजूला मात्र चिखल जास्त.

मॅग्डलीन पुलाजवळच्या की-साइडहून निघणं मला अधिक पटतं. आधी प्रवाहाविरुद्ध जाता, आणि हात दमल्यावर परतीला पाणी मदत करतं. सेंट जॉन्सचा १८३१चा ब्रिज ऑफ साय्ज लगेच येतो. रँग्लर परांजपे याच कॉलेजचे. १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, येणारे ते पहिले भारतीय, तेव्हा मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावंच. पण पुलाखाली नको, मागून नावा येत असतात. पुढे ट्रिनिटीचं रेन ग्रंथालय, १६४०चा क्लेअर पूल, किंग्जचं चॅपल आणि क्वीन्सचा लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज. तो न्यूटनने बांधला असं अजूनही ऐकू येतं. न्यूटन १७२७ला गेला आणि पूल १७४९चा आहे.

पुलाखालून जाताना पोल आडवा, पाण्यालगत ठेवा. बसलेल्यांनी हात नावेच्या आत घ्यावेत, कारण दोन नावांमध्ये बोटं चेंगरतात. उजवी बाजू धरून चालवा. सगळ्यात जड माणसाला मधोमध बसवा; सगळे एका कडेला सरकले की नाव तिरकी पळते. नावेत एकटेच असाल आणि वारा असेल तर बेत बदला, हलकं नाक वारा फिरवून टाकतो.

शनिवार-रविवारची दुपार टाळाच. तेव्हा नावांची इतकी दाटी होते की निम्मा वेळ एकमेकांना ढकलण्यात जातो. आठवड्यातली सकाळ उत्तम. मुसळधार पावसानंतर एक-दोन दिवस प्रवाह जोरात असतो, नवशिक्यांनी तेव्हा जाऊ नये. पहिल्या वेळेला बॅक्सच्या जाऊन-येऊन फेरीसाठी दीड तास धरा. एका तासाचं भाडं भरलं तर परतीची धांदल होते.

ग्रँचेस्टरची फेरी वेगळीच. ती वरच्या पातळीवरून, मिल पाँडच्या बंधाऱ्यापलीकडून सुरू होते, म्हणून नाव तिथूनच भाड्याने घ्या. कॉलेजं नाहीत, दोन्ही बाजूंना कुरणं आणि गाई. जाऊन-येऊन, चहासकट, चार तास हाताशी ठेवा आणि पोल मारणारी दोन माणसं तरी सोबत घ्या.