परदेशी शाळेत सहा आठवडे: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी ‘ग्लोबल व्हॉलंटियर’ची पारख

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर झालं, की जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांतली काही मुलंमुली विचारू लागतात, की परदेशातल्या शाळेत शिकवायला जायचं तर कुणामार्फत जावं? आयसेक (AIESEC) या विद्यार्थी-संस्थेचा ‘ग्लोबल व्हॉलंटियर’ हा यातला चांगला ओळखीचा पर्याय. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली युरोपातल्या विद्यार्थ्यांनी ही संस्था काढली आणि आजही ती विद्यार्थीच चालवतात. वयाची अट १८ ते ३०, मुक्काम साधारण सहा ते आठ आठवडे, काम बिनपगारी. याच संस्थेचा ‘ग्लोबल टीचर’ हा पगारी कार्यक्रम वेगळा आहे. अर्ज भरताना दोन्हींची गल्लत करू नका.

जागा मिळवून देण्यात ही सेवा पक्की आहे. पोर्टलवर नाव नोंदवायचं, देश आणि प्रकल्प निवडायचा, तिकडची शाखा व्हिडिओवर मुलाखत घेते, होकार आला की करार आणि फी. खान्देशातल्या मुलांचा संबंध बहुधा पुण्या-मुंबईच्या शाखेशी येतो आणि सगळं बोलणं फोनवर होतं. शाखेतले पदाधिकारी वर्षाकाठी बदलतात, म्हणून फोनवर मिळालेलं प्रत्येक आश्वासन ईमेलवर लिहून घ्या. विमानभाडं, व्हिसा आणि विमा फीमध्ये आहे असं गृहीत धरू नका. राहणं आणि दोन वेळचं जेवण काही प्रकल्पांत मिळतं, काहींत नाही. ते त्या जागेच्या माहितीत वाचावं लागतं. फी भरल्यावर बेत रद्द झाला तर किती पैसे परत, हे कराराचं कलम सहीच्या आधी मोठ्याने वाचून घरच्यांना ऐकवा.

ती जागा मुलांच्या उपयोगाची आहे का, हे मात्र जाणाऱ्यालाच तपासावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी चूक होते ती कॅलेंडरची. आपल्या उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) उन्हाळी परीक्षा संपल्या की मे-जून मोकळा मिळतो. व्हिएतनामची शाळा मे अखेरीस बंद होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. म्हणजे जूनमध्ये ‘शाळेत शिकवणं’ म्हणून घेतलेली जागा प्रत्यक्षात उन्हाळी वर्ग किंवा शिबिर असते: रोज वेगळी मुलं, हजेरी नाही, पाठाला सलगपणा नाही. केनियात दुसरं सत्र साधारण मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतं. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे मे-जूनमध्ये वर्ग नुकते भरलेले आणि चालू असतात. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या तारखांना शाळेत वर्ग चालू आहेत का, आणि सहामाही परीक्षा कधी आहे?

केनियाला जायचं तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती मान्यताप्राप्त केंद्रावरच मिळते; त्यासाठी मुंबई-पुण्याची एक फेरी धरा. ते पिवळं प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणखी एक घोळ पर्यटक व्हिसाचा. बऱ्याच देशांत बिनपगारी शिकवणंही ‘काम’ मानलं जातं. थायलंडमध्ये तर स्वयंसेवकालाही वेगळ्या प्रकारचा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. कुणी ‘विमानतळावर फिरायला आलो असं सांगा’ असं सुचवलं, तर ती जागा तिथेच सोडा.

पासपोर्ट आधीच काढून ठेवा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. दहावीचं प्रमाणपत्र सोबत जोडा, म्हणजे ईसीआरचा (‘कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक’ असा) शिक्का टळतो. मुलांबरोबरच्या कामासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जातो. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच निघतो, फी ५०० रुपये. एकही शाळा हा दाखला मागत नसेल तर खुश होऊ नका, ती काळजीची गोष्ट आहे.

पहिल्या वेळेला आमची शिफारस नेपाळची. व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, तरुणांचं आधार कार्ड चालत नाही, आणि यावर विमानतळावरून परतावं लागतं. रेल्वेने जायचं तर जळगाव किंवा भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने थेट गोरखपूर, तिथून रस्त्याने सोनौलीची सीमा. लिपी देवनागरी आहे, त्यामुळे फळा, पाठ्यपुस्तक, हजेरीपट पहिल्या दिवशी वाचता येतो. आपल्या मुलांना मिळणारा हा फायदा युरोपातून येणाऱ्या स्वयंसेवकाला मिळत नाही. विक्रम संवत चालतो, म्हणून फळ्यावरचं साल आपल्यापेक्षा सत्तावन्नने जास्त दिसेल. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, आठवड्याची सुट्टी शनिवारी. जेवण डाळ-भात, तेही दोन्ही वेळा. भाकरीवर वाढलेल्यांनी ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी.

अनाथालयातली जागा घेऊ नका, कितीही चांगली दिसली तरी. नेपाळ आणि कंबोडियात पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील असलेली मुलंसुद्धा अशा ठिकाणी आणून ठेवल्याचं उघड झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या धोक्याकडे लक्ष वेधलं. शिवाय सहा आठवड्यांची माया लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग लहान मुलाला सोसत नाही. नेहमीची शाळा घ्या, वर्गशिक्षक वर्गात हजर राहतील अशी अट घाला, मुलाबरोबर एकट्याने खोलीत बसू नका आणि शाळेच्या लेखी परवानगीशिवाय फोटो टाकू नका.

आता शिकवण्याचं. आठवड्याला पाच दिवस धरले, तर सहा आठवडे म्हणजे कागदावर तीस दिवस. पहिले दोन दिवस नुसतं मागच्या बाकावर बसून पाहण्यात, काही सण-परीक्षांत, शेवटचा निरोपात जातो; हाती वीस-बावीस तासिका उरतात, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या. तेवढ्यात ‘इंग्रजी व्याकरण’ होत नाही. एका वर्गाला, एका विषयात, एक गोष्ट पुढे नेता येते: वाचन किंवा वजाबाकी. आधी प्रत्येक मुलाकडून एकेकट्याने वाचून घ्या, अगदी ‘असर’च्या (ASER, शाळकरी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या) पाहणीत घेतात तसं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे अडतं तिथून गट पाडा. इयत्ता बघू नका. पाचवीतलं मूल शब्दावर अडलं असेल तर परिच्छेद देऊन काहीच साधत नाही, ते फक्त तुमच्या मागून म्हणत राहतं आणि तुम्हाला वाटतं की वाचतंय. सामान साधं न्या: काड्या, फासे, जाड कागदाचे शब्दपत्ते (शब्द लिहिलेली कार्डं), रंगीत खडू. चॉकलेट वाटू नका. द्यायचं ते शाळेकडे द्या.

याची तालीम घरच्या अंगणात होते. अक्कलकुवा, धडगावच्या जिल्हा परिषद शाळांत घरी पावरी किंवा भिली बोलणारी मुलं मराठीतून शिकतात. नेपाळच्या तराईत थारू किंवा मैथिली बोलणारी मुलं नेपाळीतून शिकतात. अडचण तीच: बाईंचा शब्द कानावर पडतो, त्याचा अर्थ घरात नसतो. अर्ज करण्याआधी सातपुड्यातल्या एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, पंधरा दिवस सलग जा. मुलांचे वीस-तीस शब्द शिका आणि चित्र-शब्दपत्ते करून पाहा. जे पत्ते तिथे चालले नाहीत ते नेपाळमध्येही चालणार नाहीत. ते घरीच ठेवा.

या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे देऊ. अर्धा जास्त दिला असता, पण निघण्याआधी मुलांना शिकवायचं कसं, याची खरी तयारी जाणाऱ्यालाच करून घ्यावी लागते. तुमच्यानंतर त्या वर्गात पुढचा स्वयंसेवक कधी येणार, हेही शाखेला विचारा. कुणी येणार नसेल तर पाचव्या आठवड्यापासून रोजचा तास वर्गशिक्षकांनी घ्यावा आणि तुम्ही बाजूला बसून मदत करावी, अशी आखणी करा. गटांची वही, मुलांच्या वाचनाच्या नोंदी आणि पत्त्यांचा डबा त्यांच्या कपाटात ठेवून या.